दहावीचा भूगोल: आधी कोरा नकाशा, मग उत्तरे

दहावीच्या सराव परीक्षेचे भूगोलाचे पेपर तपासायला घेतले की एक चित्र हमखास दिसते. शेवटच्या प्रश्नाची उत्तरे पानभर, गाईडमधून शब्दन्‌शब्द उतरवलेली, आणि नकाशाची पुरवणी जवळजवळ कोरी. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील या दोन देशांचा जोडीने अभ्यास आहे, आणि पुरवणीत ब्राझीलची ॲमेझॉन नदी उलटीकडून वाहते आहे, साओ पावलो समुद्रात पडले आहे, सूचीचा पत्ता नाही. अशा मुलाने अभ्यास केलेला नसतो असे नाही. अभ्यास केलेला असतो, पण उलट्या क्रमाने.

राज्य मंडळाचा भूगोलाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा. आतापर्यंतच्या आराखड्यात पहिले तीन प्रश्न वस्तुनिष्ठ व एका वाक्यातले (४+४+४), चौथा नकाशाचा (भरणे ४, वाचन ४), पाचवा भौगोलिक कारणांचा (६), सहावा आलेखाचा (६) आणि सातवा सविस्तर उत्तरांचा (८) असतो. म्हणजे नकाशा आणि आलेख मिळून १४ गुण. सातव्या प्रश्नाच्या जवळजवळ दुप्पट! आणि या १४ गुणांना पाठांतर लागत नाही, हाताला वळण लागते. ते वळण फेब्रुवारीत चार दिवसांत येत नाही, म्हणून सुरुवात तिथून करायची. (आराखड्यात बदल होऊ शकतो. तुमच्या वर्षाचा नमुना शाळेतून एकदा पडताळून घ्या.)

## टप्पा १: सामान जमवा

यादी छोटी आहे. बालभारतीचे पाठ्यपुस्तक, शालेय नकाशासंग्रह, भारत आणि ब्राझील यांचे कोरे आराखडे, आलेखाचे कागद, टोकदार पेन्सिल, खोडरबर, सहा इंची पट्टी आणि तीन-चार रंगीत पेन्सिली.

भारताचे कोरे नकाशे कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, ब्राझीलचे मात्र दरवेळी मिळत नाहीत. मग पुस्तकातला नकाशा ट्रेसिंग पेपरवर एकदा नीट काढा आणि त्याच्या पंधरा-वीस झेरॉक्स करून घ्या. पुस्तक हरवले, फाटले तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहे, तिथली नकाशाची पाने मोठी करून छापता येतात. फक्त रंगीत नकाशाची काळी-पांढरी झेरॉक्स काढून त्यावरून अभ्यास करू नका. पावसाच्या नकाशातल्या चार छटा एकसारख्या राखाडी दिसतात आणि नकाशात वाचायला काही उरत नाही.

गाईड घ्यायचे तर घ्या, पण पाचव्या टप्प्यापर्यंत ते कपाटात ठेवा.

## टप्पा २: नकाशा हातात बसवा

रोज वीस मिनिटे पुरतात. रविवारी दोन तास बसून एकदम दहा नकाशे भरण्यापेक्षा रोज एक भरलेला बरा.

आधी रेषा, मग गावे. कोऱ्या ब्राझीलवर सर्वांत आधी दोन आडव्या रेषा काढा. विषुववृत्त देशाच्या उत्तर भागातून, ॲमेझॉनच्या मुखाजवळून जाते. मकरवृत्त दक्षिणेकडे, साओ पावलोजवळून जाते. या दोन रेषा बरोबर बसल्या की बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप जागेवर येतात:

- मॅनॉस विषुववृत्ताच्या जरासे खाली, किनाऱ्यापासून खूप आत, निग्रो नदी ॲमेझॉनला मिळते तिथे.
- ब्राझीलिया दोन्ही रेषांच्या मध्ये, पण मकरवृत्ताकडे झुकलेले आणि देशाच्या आतल्या भागात.
- रिओ दी जनेरो अगदी किनाऱ्यावर, मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेला.
- साओ पावलो जवळजवळ मकरवृत्तावरच, पण किनाऱ्यावर नाही. ते थोडे आत, पठारावर आहे. त्याच्याजवळचे समुद्रावरचे बंदर म्हणजे सांतोस.

साओ पावलो किनाऱ्याला चिकटवणे ही ब्राझीलच्या नकाशातली सगळ्यांत जास्त होणारी चूक असावी. मोठे शहर म्हणजे मुंबईसारखे समुद्रावरच असणार, असे आपण धरून चालतो.

मग नद्या, उगमाकडून मुखाकडे. पेन्सिल नदीच्या उगमावर ठेवा आणि पाणी जसे वाहते तशी न्या. ॲमेझॉन पश्चिमेकडून पूर्वेकडे अटलांटिकला जाते. साओ फ्रान्सिस्को उच्चभूमीवरून बराच काळ उत्तरेकडे वाहते आणि मग पूर्वेला वळून समुद्राला मिळते. पॅराग्वे आणि पॅराना दक्षिणेकडे देशाबाहेर जातात. बाण काढायची सवय लावा. पुरवणीत बाण मागितला नसला तरी तुमच्या डोक्यात दिशा पक्की होते, आणि पुढे तीच कारणांच्या प्रश्नात लागते.

नंतर भूरूपे. गियाना उच्चभूमी उत्तरेला, ब्राझील उच्चभूमी मध्ये-पूर्वेला, तिच्या समुद्राकडच्या बाजूला अजस्र कडा, नैर्ऋत्येला पँटानलची दलदल, अगदी दक्षिणेला पंपासचे गवताळ मैदान, ॲमेझॉनच्या मुखाशी माराजॉ बेट, ईशान्येला अवर्षण चतुष्कोन, म्हणजे अत्यल्प पावसाचा भाग. प्रदेश दाखवायचा असेल तर ठिपका देऊ नका, रेषांनी किंवा रंगाने क्षेत्र भरा. पर्वतरांग किंवा कडा असेल तर रेषेवर छोटे दात काढा. शहराला ठिपका, राजधानीला वेगळे चिन्ह.

भारताच्या नकाशाला हाच क्रम लावा. कर्कवृत्त आठ राज्यांतून जाते: गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मिझोराम. नावे घोकण्यापेक्षा कच्छपासून बोट फिरवत मिझोरामपर्यंत जा आणि प्रत्येक राज्यात थांबा. राजस्थानात रेषा फक्त दक्षिणेचे टोक ओलांडते, हे तेव्हाच लक्षात येते. भारताचे दक्षिण टोक विचारले तर कन्याकुमारी मुख्य भूमीचे, पण देशाचे म्हणजे अंदमान-निकोबारमधले इंदिरा पॉइंट, ६°४५′ उत्तर. मुले हे दोन अदलाबदल करतात.

सूची म्हणजे शोभा नव्हे. चिन्ह नकाशात आणि त्याचा अर्थ चौकटीत, दोन्ही हवे. नकाशात नुसते नाव लिहून चिन्हच दिलेले नसते, किंवा चिन्ह असते आणि सूची नसते, आणि हातचे गुण जातात.

> तपासणी: कोरा ब्राझील घ्या, घड्याळ लावा. दोन वृत्ते, दोन नद्या, अजस्र कडा, तीन शहरे आणि सूची दहा मिनिटांत पुस्तक न उघडता होत असेल तरच पुढे जा. होत नसेल तर पुढचा टप्पा वाचण्यात अर्थ नाही, उद्या पुन्हा याच टप्प्यावर या.

## टप्पा ३: धडे सुटे वाचू नका

पहिला धडा क्षेत्रभेटीचा. त्यानंतर पुस्तक स्थान-विस्तारापासून सुरू होते आणि प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती व प्राणी, लोकसंख्या, वस्ती, अर्थव्यवस्था, पर्यटन-वाहतूक असे पुढे जाते. हा क्रम सोयीसाठी लावलेला नाही. प्रत्येक धडा पुढच्या धड्याचे कारण आहे. हे ज्याला कळले त्याला निम्मा भूगोल पाठ करावा लागत नाही. ज्याला कळले नाही तो आठ धडे आठ वेगळ्या विषयांसारखे घोकतो आणि तिसऱ्यावर आला की पहिला विसरतो.

म्हणून वहीत 'प्रदेशाची पाने' करा. धड्याचे पान नाही, प्रदेशाचे. वर प्रदेशाचे नाव, खाली सात ओळी: कुठे आहे, उंची किती, पाऊस कसा, झाडी कोणती, माणसे किती, कामधंदा काय, ये-जा कशाने. प्रत्येक धडा वाचून झाला की त्या त्या पानावर एक-एक ओळ भरायची.

ॲमेझॉन खोऱ्याचे पान असे भरते. विषुववृत्ताजवळ, सखल मैदान. सूर्यकिरणे जवळजवळ लंबरूप, बाष्पीभवन भरपूर, म्हणून आरोह पाऊस (तापलेली दमट हवा वर जाऊन पडणारा) आणि तोही वर्षभर. त्यामुळे घनदाट सदाहरित वने. दाट जंगल, दमट हवा, दलदल, रोगट वातावरण, म्हणून वस्ती विरळ. वस्ती विरळ म्हणून मोठे उद्योग कमी, रस्ते आणि लोहमार्गही कमी. पण नदी रुंद, पाणी बारमाही, उतार मंद, म्हणून जलवाहतूक.

आता त्याच वहीत समोरच्या पानावर आग्नेय ब्राझील, म्हणजे साओ पावलो आणि मिनास जेराइसचा पट्टा. उच्चभूमीमुळे हवा तुलनेने सौम्य, खनिजे जवळ, बंदरे जवळ, कॉफीला अनुकूल उतार. म्हणून वस्ती दाट, उद्योग जास्त, रस्त्यांचे जाळेही इथेच. ही दोन पाने समोरासमोर आली की "ब्राझीलमध्ये लोकसंख्येचे वितरण असमान आहे" या प्रश्नाचे उत्तर कुणी शिकवावे लागत नाही.

भारतासाठी गंगेचे मैदान, थरचे वाळवंट, पश्चिम किनारा आणि ईशान्य भारत एवढी चार पाने पुरतात. हिमालयाचे हवे तर पाचवे.

सावधान, गोलार्ध बदलतो. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात आहे. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट हिवाळा. आपल्याकडे उत्तरेला जावे तशी थंडी वाढते, तिकडे दक्षिणेला जावे तशी. तापमानाचा आलेख वाचताना मे महिन्याला 'उन्हाळा' लिहिणारी मुले दरवर्षी निघतात, आणि त्यांत हुशार मुलेही असतात.

सावधान, आकड्यांचे वर्ष. पुस्तकातली लोकसंख्या भारताची २०११ च्या आणि ब्राझीलची २०१० च्या जनगणनेची आहे: भारत सुमारे १२१ कोटी, ब्राझील सुमारे १९ कोटी. घनता भारताची दर चौ.किमीला ३८२, ब्राझीलची २२-२३ च्या आसपास. ब्राझीलची २०२२ ची जनगणना झाली आहे आणि तिथली लोकसंख्या २० कोटींच्या वर गेली आहे. बातम्यांत नवे आकडे कानावर पडतात आणि मुले निम्मे उत्तर जुन्या, निम्मे नव्या आकड्यांवर लिहितात. पुस्तकातले आकडे वापरा आणि शेजारी वर्ष लिहा.

## टप्पा ४: वेळेचे गणित

गुण थोडे, पण चुकण्याचे प्रमाण मोठे. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावर धरलेली आहे. ब्राझीलमध्ये चार कालविभाग आहेत, पण अधिकृत वेळ ब्राझीलियाची, ग्रीनिचच्या तीन तास मागे, म्हणजे ४५° पश्चिम.

१. दोन्ही ठिकाणे ग्रीनिचच्या विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून अंशांची बेरीज: ८२°३०′ + ४५° = १२७°३०′.
२. एका अंशाला ४ मिनिटे: १२७.५ × ४ = ५१० मिनिटे, म्हणजे ८ तास ३० मिनिटे.
३. पूर्वेकडचा देश पुढे. भारतात सकाळचे १० वाजले असतील तर ब्राझीलियात पहाटेचा दीड.

दोन्ही ठिकाणे एकाच बाजूला असतील तर वजाबाकी. आणि तारीख पाहा: भारतात सोमवारी सकाळी ६ वाजता ब्राझीलियात रविवार रात्रीचे साडेनऊ असतात. वेळ बरोबर आणि वार चुकीचा, असे उत्तर पुष्कळ जण लिहितात.

## टप्पा ५: भौगोलिक कारणे

इथेच पेपरचा कस लागतो. एका कारणाला ३ गुण, म्हणजे तीन स्वतंत्र मुद्दे. एकच गोष्ट तीनदा फिरवून लिहिली तर तो एकच मुद्दा.

प्रश्न घेऊ: *ब्राझील उच्चभूमीच्या ईशान्य भागाला 'अवर्षण चतुष्कोन' म्हणतात.* सराव पेपरांत सापडणारे नेहमीचे उत्तर:

"अवर्षण चतुष्कोन हा ब्राझीलच्या ईशान्य भागात आहे. येथे पाऊस खूप कमी पडतो. त्यामुळे या भागात नेहमी दुष्काळ असतो. म्हणून या भागाला अवर्षण चतुष्कोन असे म्हणतात."

वाचायला ठीक वाटते. पण पाऊस कमी का पडतो, हे यात कुठेही नाही. प्रश्नच उलगडून पुन्हा लिहिला आहे. आता हे पाहा:

१. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे किनाऱ्याला समांतर असलेल्या अजस्र कड्याला अडतात.
२. वारे वर चढतात, थंड होतात आणि कड्याच्या समुद्राकडच्या बाजूला, किनाऱ्यावर पाऊस देतात.
३. कडा ओलांडून पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यांत बाष्प कमी उरते. त्यामुळे उच्चभूमीचा ईशान्य भाग पर्जन्यछायेत येतो आणि तिथे पाऊस अत्यल्प पडतो, म्हणून तो 'अवर्षण चतुष्कोन'.

दुसऱ्या उत्तरात एकही वाक्य पाठ करावे लागत नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव कोरडे, हे ज्याला माहीत आहे त्याने नावे बदलली की झाले. नकाशात कडा कुठे काढला होता हे आठवत नसेल तर मात्र उत्तर जुळत नाही. दुसरा टप्पा आधी ठेवला तो यासाठीच.

पद्धत: प्रश्नातले विधान हा साखळीचा शेवटचा दुवा असतो. त्याच्यापासून मागे जात तीनदा 'का?' विचारा, मग मिळालेली उत्तरे सरळ क्रमाने लिहा. सुरुवात जागेची, उंचीची किंवा वाऱ्याची असते, शेवट विधानाचा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्रिभुज प्रदेश का नाहीत? गाळ साठत नाही. का? नद्या वेगात समुद्राला मिळतात. का? सह्याद्री किनाऱ्याजवळ उभा आहे, नद्या आखूड आणि उतार तीव्र. आता खालून वर लिहा. ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव का होत नाही, याचे उत्तर याच पद्धतीने स्वतः जुळवा: अक्षवृत्त, उंची, तापमान, एवढे तीन दुवे पुरतात.

पुस्तकाच्या स्वाध्यायातली सगळी कारणे अशी स्वतः लिहून झाली की आता कपाटातले गाईड काढा आणि पडताळा. तुमच्या उत्तरात सुटलेला मुद्दा लाल पेनाने टाका. गाईडचा खरा उपयोग एवढाच.

> तपासणी: लिहिलेल्या उत्तरातून प्रश्नात आधीच असलेले शब्द खोडा. उरलेल्यात तीन नव्या गोष्टी आहेत का? नसतील तर उत्तर पुन्हा लिहा.

## टप्पा ६: आलेख

सहाव्या प्रश्नात बहुधा पर्याय असतो: दिलेल्या माहितीवरून आलेख काढून प्रश्न सोडवा, किंवा छापलेला आलेख वाचून प्रश्न सोडवा. वाचनाचा पर्याय सोपा दिसतो म्हणून मुले डोळे झाकून तो घेतात. ज्याचा हात बसला आहे त्याने काढण्याचा पर्यायही पाहावा. आकडे दिलेलेच असतात, मोजमाप नीट झाले तर गुण कापायला जागा राहत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. भारताची नागरी लोकसंख्या टक्क्यांत: १९८१ मध्ये २३.३, १९९१ मध्ये २५.७, २००१ मध्ये २७.८, २०११ मध्ये ३१.२. साधा स्तंभालेख काढायचा आहे.

१. सर्वांत मोठी संख्या पाहा: ३१.२. अक्ष ३५ पर्यंत न्यावा लागेल.
२. प्रमाण ठरवा: १ सेंमी = ५ टक्के. म्हणजे उभा अक्ष ७ सेंमी, कागदावर आरामात बसतो. १ सेंमी = १ टक्का घेतले तर ३५ सेंमी लागतील आणि कागद संपेल. १ सेंमी = १० टक्के घेतले तर स्तंभ इतके बुटके होतील की फरक दिसणार नाही.
३. उंच्या बाजूला लिहून घ्या: २३.३ ÷ ५ = ४.६६, म्हणजे ४.७ सेंमी. २५.७ चे ५.१, २७.८ चे ५.६, ३१.२ चे ६.२. आलेख कागदावर सेंमीचे दहा भाग असतात, तेवढी अचूकता पुरते.
४. अक्ष काढा, आडव्यावर वर्षे, उभ्यावर टक्केवारी. उभा अक्ष शून्यापासून. २० पासून सुरू केला तर २०११ चा स्तंभ १९८१ च्या तिपटीहून उंच दिसतो आणि आलेख खोटे बोलतो.
५. स्तंभ सारख्याच रुंदीचे, मधले अंतर सारखेच. सगळे एकाच रंगात किंवा एकाच छटेत, कारण घटक एकच आहे. जोडस्तंभालेखात भारत आणि ब्राझील असे दोन घटक असतील तर दोन छटा आणि सूची.
६. शीर्षक वर, प्रमाण उजव्या कोपऱ्यात, अक्षांची नावे अक्षांशेजारी.

खालचे प्रश्न आलेखावरूनच सोडवा. "कोणत्या दशकात वाढ सर्वाधिक?" विचारले तर उंच स्तंभ शोधायचा नाही, शेजारच्या दोन स्तंभांतला फरक काढायचा. इथे २.४, २.१ आणि ३.४, म्हणजे २००१ ते २०११. शेवटचा स्तंभ सर्वांत उंच म्हणून हे उत्तर आले असे नाही, वजाबाकी केली म्हणून आले. दुसऱ्या एखाद्या तक्त्यात ही दोन उत्तरे वेगळी निघतील आणि न मोजणारा तिथे फसेल.

छापील नकाशा किंवा आलेख वाचताना क्रम असा: शीर्षक, सूची, प्रमाण, आणि मगच प्रश्न. प्रश्न आधी वाचून नकाशावर झडप घातली की मूल आठवणीतले उत्तर लिहिते, नकाशातले नाही. नकाशावर सर्वाधिक गडद छटा असलेले राज्य विचारलेले असते आणि उत्तरात पाठ केलेले राज्य येते.

## टप्पा ७: सविस्तर उत्तरे आणि फरक

चार गुणांना चार मुद्दे. परिच्छेद नको, क्रमांक टाका.

फरकात मुलांचे गाडे एकाच ठिकाणी अडते: डाव्या रकान्यात एक मुद्दा, उजव्या रकान्यात भलताच. ॲमेझॉन आणि गंगा खोऱ्यांची तुलना करताना डावीकडे "येथे घनदाट वने आहेत" आणि समोर "येथे गहू पिकतो" लिहिले तर तो फरक होत नाही. आधी मधोमध मुद्द्यांची नावे लिहा: क्षेत्र, वनस्पती, वस्ती, नदीचा वापर. मग दोन्ही बाजू भरा. क्षेत्र: ॲमेझॉनचे सुमारे ७० लाख चौ.किमी, गंगेचे सुमारे १० लाख. वस्ती: तिकडे विरळ, इकडे दाट. गंगेच्या प्रदूषणाचा लोकजीवनावर परिणाम जास्त का, हा प्रश्न याच तक्त्यातून सुटतो.

क्षेत्रभेटीचा पहिला धडा सगळे सोडून देतात. हातचे गुण! पुस्तकात नळदुर्ग ते अलिबाग असा प्रवास आहे. तो वाचा, पण प्रश्नावली स्वतःच्या गावच्या एखाद्या ठिकाणावर करून पाहा. समजा गुऱ्हाळ: ऊस किती अंतरावरून येतो? हंगाम किती महिने चालतो? पाणी कुठून घेता? चिपाडाचे काय करता? मजूर कुठले? मळीमुळे ओढा खराब होतो का? असे सहा-सात नेमके प्रश्न "तुम्हाला येथे काय अडचणी येतात?" अशा ढोबळ प्रश्नांपेक्षा कितीतरी चांगले दिसतात. सोबत न्यायचे साहित्य आणि घ्यायची काळजी यांची यादी प्रत्येकी पाच ओळींत तयार ठेवा.

## टप्पा ८: सराव पेपर आणि ते दोन तास

पूर्वपरीक्षेआधी निदान तीन पेपर घड्याळ लावून, पुरवण्यांसकट सोडवा. पुरवणीशिवाय सोडवलेला भूगोलाचा पेपर म्हणजे अर्धाच सराव.

वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा: पहिले तीन प्रश्न २० मिनिटे, नकाशा २०, कारणे २०, आलेख २०, सविस्तर उत्तरे २५. उरतात १५ मिनिटे, ती तपासायला. आलेख शेवटच्या दहा मिनिटांवर टाकू नका. घाईत पट्टी सरकते आणि खोडाखोडीत कागद फाटतो.

जोड्या आणि पर्यायांच्या प्रश्नांत उत्तराचे पूर्ण वाक्य किंवा पूर्ण जोडी लिहा, नुसता क्रमांक नको. "एका वाक्यात" म्हटले असेल तर एकाच वाक्यात. तिथे तीन ओळी लिहून गुण वाढत नाहीत, वेळ मात्र जातो.

वेळापत्रकात भूगोल बहुधा अगदी शेवटी असतो. तोवर मुले दमलेली असतात, घरात सुट्टीचे बेत चाललेले असतात. आदल्या दिवशी नवे काही उघडू नका. दोन कोरे नकाशे भरा, एक आलेख काढा, प्रदेशांची पाने एकदा चाळा, पेन्सिलीला टोके करून ठेवा.

पेपर हातात आला की चौथ्या प्रश्नात नकाशा भारताचा की ब्राझीलचा हे आधी वाचा आणि पुरवणी तीच आहे ना, ते पाहा. रंगीत पेन्सिली आणि स्टेन्सिलबद्दलच्या सूचना पहिल्या पानावर असतात, त्याही तेव्हाच वाचून घ्या. नकाशा व आलेखाच्या पुरवणीवर बैठक क्रमांक मिळाल्या मिळाल्या टाका. शेवटची घंटा व्हायच्या पाच मिनिटे आधी दोन्ही पुरवण्या मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने घट्ट बांधा आणि एकदा ओढून पाहा.